नातं काढणारे नाना

मे महिना लागला की डब्लिनमधल्या मराठी घरांत नाना यायला सुरुवात होते. कुणाकडे ते अप्पा असतात, कुणाकडे भाऊ, कुणाकडे नुसतेच 'आमचे बाबा'. पण वाण एकच. नोकरी संपलेली, गुडघे शाबूत, डोक्यावर सुनेने दिलेली टोपी आणि पायांत मुलाने घेतलेले, अजून चावणारे बूट. पहिला आठवडा नातवाला बागेत फिरवण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात ''इथं बघण्यासारखं काय आहे?'' हा प्रश्न येतो. मुलाला ऑफिस असतं, म्हणून मुलाचा एखादा मित्र नानांना गाडीत घालून न्यूग्रेंजला नेतो. तो मित्र बहुधा मीच असतो.

न्यूग्रेंज म्हणजे डब्लिनच्या उत्तरेला, मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या वळणावर बांधलेली अश्मयुगीन समाधी. इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराची. सुमारे ८५ मीटर व्यासाची गवताळ टेकडी, तिच्या पायाशी ९७ अजस्र शिळांचं कडं, पोटात १९ मीटर लांबीची अरुंद वाट आणि वाटेच्या शेवटी दालन. जगभरचे पर्यटक तिथे थक्क व्हायला येतात. नाना थक्क होत नाहीत. नाना नातं काढतात.

लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे कळल्याशिवाय नानांना जिलेबी गोड लागत नाही. ''आपण कुठले? इस्लामपूरचे? म्हणजे खालच्या आळीतल्या वकिलांचे कोण?'' असं करत करत मठ्ठा येईपर्यंत समोरचा माणूस त्यांच्या चुलत मेहुण्याचा वर्गमित्र निघालेला असतो. मग नाना सैल होतात. पाच हजार वर्षांच्या दगडांशीही त्यांना असंच बोलायचं असतं. न्यूग्रेंज कुणाचं कोण लागतं, एवढंच त्यांना कळायला हवं.

यंदाचे नाना कोल्हापूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सोबत माई. समाधी नदीच्या पलीकडे आणि पर्यटक केंद्र अलीकडे. तिकीट इथे काढायचं, पायपुलावरून नदी ओलांडायची आणि पलीकडे त्यांच्याच बसमध्ये बसायचं. आपली गाडी थेट नेता येत नाही. नानांना ही व्यवस्था फार आवडली. ''नरसोबाच्या वाडीला पूर्वी असंच होतं,'' ते म्हणाले. पूर्वी म्हणजे कधी, असं मी विचारलं नाही. पुलावर थांबून त्यांनी बॉइनचं पाणी न्याहाळलं, विसर्गाचा अंदाज घेतला आणि ''पंचगंगेएवढी नाही,'' असा निकाल दिला. ओळख पटायला सुरुवात झाली होती.

टेकडीचा दर्शनी भाग पांढऱ्याशुभ्र गारगोटीचा आहे. हे दगड दूर विकलोच्या डोंगरातून आणलेले, असं गाइड मुलीने सांगितलं. पुढे ती म्हणाली, की ते खाली पडलेले सापडले होते, गेल्या शतकात उत्खननानंतर भिंत नव्याने उभारली, आणि ते मुळात भिंतीत होते की दारापुढच्या जमिनीवर अंथरलेले, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. नानांचा चेहरा उजळला. ''म्हणजे जीर्णोद्धार झालाय. आणि त्यावरून भांडणही आहे!'' ते माझ्याकडे वळले. ''अरे, हे तर आपल्यासारखंच निघालं.''

दारात सर्पिल नक्षीची आडवी शिळा आहे. तिच्यापुढे नानांनी बूट काढले. गाइडने नम्रपणे सांगितलं, गरज नाही. नानांनी त्याहून नम्रपणे सांगितलं, आहे. अखेर ''आत थंडी आहे,'' या माईंच्या एका वाक्याने बूट पुन्हा पायांत गेले. वाट इतकी अरुंद की कुठे वाकावं लागतं, कुठे अंग तिरकं करावं लागतं. पुढचा धिप्पाड जर्मन अडकत अडकत चालला होता. नाना मागून मला समजावत होते, ''देवाच्या दारात वाकूनच जायचं असतं. हे मुद्दाम केलंय.''

आतल्या दालनाला तीन बाजूंनी तीन कोनाडे, त्यांत दगडी परातींसारखी पात्रं. मृतांची जळकी हाडं इथेच मिळाली. छत मात्र पाहावं असं. थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, असं करत सहा मीटर उंचीवर एका शिळेने मिटवलेलं. चुना नाही, सिमेंट नाही. छताच्या दगडांत पावसाचं पाणी बाहेर वळवायला पन्हळी कोरल्या आहेत, सांध्यांत जळकी माती आणि समुद्राची वाळू भरली आहे. गाइड म्हणाली, पाच हजार वर्षांत हे दालन कोरडं राहिलं आहे.

इथे पाटबंधारे खातं जागं झालं. नानांच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दहा वर्षांत तिसऱ्यांदा झालं आहे आणि तिसऱ्या मजल्यावर बादली अजून लावलेलीच असते. नानांनी मान मागे टाकून छत बराच वेळ पाहिलं, मग बोटांवर काही मोजलं. ''इसवी सनापूर्वी ३२०० म्हणालात ना? कलियुग सुरू झालं ३१०२ ला. म्हणजे हे द्वापारयुगातलं काम.'' एक उसासा टाकून ते म्हणाले, ''म्हणून गळत नाही.''

मग गाइडने दिवे मालवले. दारावर एक झरोका आहे. मकरवृत्तावर सूर्य येतो त्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या २१ च्या आसपास, सकाळी ८ वाजून ५८ मिनिटांनी कोवळं ऊन त्या झरोक्यातून वाटेत शिरतं, सरकत दालनापर्यंत येतं आणि १७ मिनिटांनी निघून जातं. बाकी वर्षभर पर्यटकांना विजेच्या दिव्याने त्याची नक्कल दाखवतात. मिट्ट काळोखात सगळे श्वास रोखून उभे आणि नाना कुजबुजत होते: ''किरणोत्सव! अरे, हा तर अंबाबाईचा किरणोत्सव! फक्त आपल्याकडे मावळतीचा—'' पुढे माईंचा आवाज आला, ''अहो, गप्प बसा. सूर्य उगवतोय.''

आता सांगायला हवं, की नानांचं हे म्हणणं वावगं नव्हतं. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी सरताना मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. तिथे किरणांच्या वाटेत इमारती येतात, इथे ढग येतात. बाहेर आल्यावर गाइडने सांगितलं, की इथे सूर्य येतो अशी आख्यायिका आसपासच्या लोकांत होतीच. पण उत्खनन करणारे कॉर्कचे प्राध्यापक मायकल ओकेली यांना वाटलं, लोकांची स्टोनहेंजशी गल्लत होत असावी. १९६७ च्या २१ डिसेंबरला ते स्वतः आत जाऊन उभे राहिले आणि ऊन आलं. नाना म्हणाले, ''पुजाऱ्याला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.''

मी आजवर आणलेले सगळेच नाना असे. पुण्याच्या नानांना कार्ल्याची लेणी आठवली, कारण तिथेही दारावर उजेडासाठी मोठी गवाक्ष-कमान आहे. नागपूरच्या काकांची गोष्ट तर छापून ठेवावी. कड्याच्या शिळा पाहून ते म्हणाले, ''असं आमच्याकडे जुनापाणीला आहे.'' खरंच आहे. नागपूरजवळ काटोल रस्त्याला लोहयुगीन शिळावर्तुळं आहेत, मृतांसाठीच रचलेली, मात्र न्यूग्रेंजहून कितीतरी अलीकडची. ''कशी आहेत?'' मी विचारलं. काकांनी खिशातून मोबाइल काढला. साठ वर्षं नागपुरात राहून ते तिथे कधी गेले नव्हते. मीथच्या गवतात उभं राहून आम्ही दोघांनी जुनापाणीचे फोटो पाहिले.

आणि ही खोड फक्त आपली म्हणावी, तर तसंही नाही. ती वर्तुळं एकोणिसाव्या शतकात ज्याने उकरली, तो रिव्हेट-कार्नाक नावाचा इंग्रज अधिकारी. त्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्याला काय आठवलं? युरोपातल्या दगडांवरचे खळगे! विदर्भाच्या उन्हात उभा राहून तो बिचारा आपल्या गावाकडचं नातं काढत होता. परक्या मुलखात माणूस आधी ओळखीचा चेहरा शोधतो; नवल वाटून घ्यायला तो सापडल्यावर सवड मिळते.

परत केंद्रात आल्यावर नानांना कळलं, की खरं ऊन पाहायची संधी सोडतीने मिळते, दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि मोजक्यांचा नंबर लागतो. नानांनी मला बाजूला घेतलं. ''आत कुणी ओळखीचं आहे का?''

''नाना, सूर्याला वशिला चालत नाही.''

''सूर्याला नाही रे. सोडतवाल्यांना.''

व्हिसा ऑक्टोबरात संपत होता, याची माईंनी आठवण करून दिली. तरी अर्ज कसा भरायचा, याची चौकशी करायला नाना गाइडकडे गेलेच. त्यांच्याबरोबर जाताना मला थोडी लाज वाटली. पण नानांनी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, ''इंडियात कुठले तुम्ही? माझी वहिनी केरळची. इथेच इस्पितळात नर्स आहे.''

नाना सैल झाले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, काउंटरला कोपर टेकलं आणि म्हणाले, ''केरळात कुठल्या? आमचे साडू बँकेत होते, बदलीवर कोट्टायमला तीन वर्षं काढली त्यांनी.''

''कोट्टायम!'' ती ओरडली. ''वहिनीचं माहेर!''

माई शांतपणे बाकावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं. ''बस,'' त्या मला म्हणाल्या. ''आता तास जाईल.''