स्वेच्छेने नृत्य

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या ऑनलाइन अर्जात सगळ्यात शेवटी एक चौकोन असतो. त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘वरील विषय मी पूर्ण विचारांती व स्वेच्छेने निवडले आहेत.’ चौकोनात टिक केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. स्वेच्छा सक्तीची आहे.

आमच्या लिंबागणेश गावात ही स्वेच्छा मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात मिळते. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड आणि बारावीचा निकाल लागला की कलेची निवड. दुकानातले भाऊ एका हाताने झेरॉक्स काढतात, दुसऱ्या हाताने पोराचा कलेचा कल ओळखतात.

‘भाऊ, चित्रकला टाका की.’

‘त्याच्यावर क्लिक होईना. नृत्य टाकू का? लवकर बोल, सर्व्हर जाईल.’

‘टाका मग.’

संगीतावर क्लिक होतं, पण लगेच ‘जागा शिल्लक नाही’ असं येतं. नाट्य निवडलं की अर्ज पहिल्या पानावर परत. राहिलं नृत्य. त्यामुळे गावातल्या यंदाच्या झाडून सगळ्या पोरांनी पूर्ण विचारांती नृत्य घेतलं आहे. वरातीत डीजेपुढे ओढून नेलं तरी खिशातून हात न काढणारी पोरंही त्यात आहेत.

हे सगळं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलं. धोरण 2020 चं. त्याची क्रेडिटची चौकट राज्यात 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने आली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. एवढी आद्याक्षरं आमच्याकडे आजवर फक्त बियाण्याच्या पिशवीवर दिसायची. कलेचा नंबर शेवटच्या सीसीत, म्हणजे सहअभ्यासक्रमात, योग, खेळ आणि एनएसएसच्या रांगेत. क्रेडिट दोन.

आता दोन क्रेडिटचा हिशेब बघा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे तीस. नाचून शिकवायचं तर साठ तास, हॉल आणि नाचता येणारा माणूस लागतो. न नाचता शिकवलं तर तीस तासांत आणि आहे त्याच बाकावर भागतं. म्हणून नृत्य थिअरीत गेलं. शिकवायला भूगोलाचे सर, कारण त्यांचा वर्कलोड कमी पडत होता. सरांनी पहिल्याच तासाला भारतातल्या नृत्यांचा नकाशा काढून दिला, तो मात्र उत्तम होता. पुढचे सगळे तास पोरं बसून नृत्य शिकली. पाय हलवला तर सर ओरडतात, शेजारच्या वर्गात इतिहास चालू असतो. परीक्षेला प्रश्न, ‘नृत्यात पायांचे महत्त्व थोडक्यात स्पष्ट करा. (5 गुण)’. एकाने लिहिलं, पायांशिवाय उभं राहता येत नाही. त्याला साडेचार मिळाले. अर्धा गुण अक्षरासाठी कापला.

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती भालचंद्र गणपती आमच्या गावातच बसलेला आहे. अर्जातल्या यादीत चौसष्टपैकी चार कला. साठ कलांना शिक्षक नाही म्हणून त्या गाळल्या, असं कळतं. उरलेल्या चारांनाही नाही, पण यादी अगदीच कोरी बरी दिसत नाही. भजनी मंडळातला मृदंगवाला बोलावता आला असता. हलगीवाला तर कॉलेजच्या रस्त्यावरच राहतो. स्थानिक कलावंतांना शिक्षणसंस्थांमध्ये आणा, हे त्याच धोरणात लिहिलेलं आहे. पण मृदंगवाल्याकडे नेट-सेट नाही आणि ज्यांच्याकडे नेट-सेट आहे ती आमची पोरं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबून मानधनाच्या बिलामागे फिरताहेत. कायमच्या जागा भरायच्या नाहीत, तासाच्या हिशेबाने माणसं वापरायची आणि वर कागदावर सर्जनशीलता वाढवायची! ज्याला दिवाळीचं मानधन होळीला मिळतं, त्याने कोणाला अभिव्यक्ती शिकवायची?

आणि दिवाळीचं नाव निघालंच आहे तर ऐका. दिवाळी झाली की वर्गातली कितीतरी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, जावंच लागतं. फडातून पोरगं फोन करतं, ‘सर, हजेरीचं बघा.’ सर बघतात, कारण हजेरीपटावर वर्ग भरलेला दिसला पाहिजे. तिकडे मुकादमाच्या कागदावर बापाचा अंगठा, इकडे अर्जात पोराची टिक. दोन्ही कागदांत लिहिलेलं एकच, मी हे राजीखुशीने करतो आहे. बापाला दुसरा धंदा नव्हता, पोराला दुसरा पर्याय क्लिक होत नव्हता. निवडीचं स्वातंत्र्य म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांनी एकदा फडावरच्या कोपीत बसून हा अर्ज भरून दाखवावा. रेंज आली तर.

असो. सत्र संपलं, सगळे पास झाले. गुणपत्रिकेवर नृत्यापुढे ‘ए प्लस’ आहे. भाऊंनी तिच्या रंगीत प्रिंटचे वीस रुपये घेतले.

दुसऱ्या सत्राचे विषय निवडणं आता सुरू आहे. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. जाताना आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या, स्वेच्छेसाठी ओटीपी लागतो.