वनविहाराचा सरंजाम

उष्ण कटिबंधात पदार्पण करण्यापूर्वी प्रवाशाने आपल्या देहास तेथील हवामानाची सवय लावून घ्यावी, अशी सक्त ताकीद ज्याच्या पहिल्याच कलमात दिली आहे असे एक सूचनापत्रक, कर्कवृत्ताच्या सुमारे अडीच अंश दक्षिणेस जन्मून दर वैशाखात पंचेचाळीस अंशांचा दाह निमूटपणे सोसणाऱ्या जळगावकर गृहस्थांच्या हाती पडावे, आणि त्यांनी ते पंचांगाच्या श्रद्धेने वाचावे, हा योग नुकताच जुळून आला. निमित्त होते चाळीसगावाजवळच्या पाटणादेवीच्या रानातील, वाटाड्यासह, एका दिवसाच्या साहसयात्रेचे.

यात्रा पौषातली, बंदोबस्त मात्र कार्तिकापासूनच सुरू झाला. पाचोळा करकर वाजणाऱ्या पानगळीच्या रानात ऐन पौषात जळू कोठे दबा धरून बसते, याचा उलगडा पत्रकात नसल्यामुळे जळूरोधक मोजे सर्वप्रथम खरेदी झाले. ज्या उपरण्याने घरातील तीन पिढ्यांची डोकी उन्हापासून राखली ते रद्दबातल ठरून, मानेवर झालर रुळणारी टोपी आली. धुळ्याच्या व्याह्यांनी तर गिर्यारोहणाचा दोर आणला. पाटणादेवीपर्यंत मोटारीचा रस्ता जातो, हे त्यांच्या कानी घालण्याचे धैर्य कोणासच झाले नाही. कारण ते व्याही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने ज्या पाटण गावी मठ स्थापिला, आणि इसवी सन १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंदही ठेविली, त्याच गावी जाण्याच्या वर्गणीचा हिशेब काही शेवटपर्यंत जुळला नाही, ही गोष्ट येथे केवळ ओघात सांगितली.

पत्रकासोबत एक मुचलका होता: वन्य पशूकडून इजा पोहोचल्यास यात्रा नेणाऱ्या संस्थेवर दावा करणार नाही. या कागदावर सह्या करताना मंडळींच्या मुद्रेवर जे वीरतेज प्रकटले, ते लेफ्टनंट जेम्स औट्रम याच्याही मुद्रेवर क्वचितच दिसले असेल. हा साहेब १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारण्यासाठी खानदेशात आला आणि पुढील दहा वर्षांत १९१ वाघांच्या मृत्युसमयी जातीने हजर होता, असा जमाखर्च त्याच्या चरित्रात दिलेला आहे. माग काढणारे भिल्ल, हे वेगळे सांगणे नको. पुढे कन्नडच्या घाटास साहेबाचे नाव पडले. आणि १९८६ मध्ये सरकारने त्या टापूतील, पाटणादेवीच्या रानासह, सुमारे २६० चौरस किलोमीटर रान वन्य जीवांच्या रक्षणार्थ राखून ठेविले तेव्हा त्याचे नामकरण केले 'गौताळा औट्रमघाट अभयारण्य'. ज्याच्या बंदुकीपुढे वाघ टिकला नाही, त्याच्याच नावाच्या फलकाखाली वाघाने निर्धास्त नांदावे, ही अपेक्षा बाळगण्यास सरकारी दप्तराचेच काळीज हवे.

इकडे याच जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकास, मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेड्याच्या शिवारात वाघ केळीच्या बागांत वावरतात. गारवा, पाटाचे पाणी, दाट आडोसा आणि रानडुकरे इतके सारे एकाच गटनंबरात मिळत असता वाघाने दुसरीकडे का जावे? शेतीपंपाची वीज पाळीने, बहुधा रात्रीच, येते. तेव्हा केळीला पाणी भरण्यासाठी सालदार हातात विजेरी घेऊन त्या अंधाऱ्या बागेत शिरतो. त्याच्या पायी जळूरोधक मोजे नसतात, त्याच्याकडून कोणी मुचलका लिहून घेतलेला नसतो, आणि उलट या साहसाबद्दल त्यालाच मजुरी मिळते. हा प्रकार आम्ही मंडळींस निवेदन केला असता, यात मार्गदर्शकाची सोय नाही व अल्पोपाहारही नाही, या दोन सबबींवर तो एकमताने फेटाळण्यात आला.

खरा पेच उद्भवला तो भरितावरून. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर रानातच भाजावीत, एरवी साहस ते कसले, असा ठराव मांडला गेला, त्यास अनुमोदनही मिळाले. तोच मंडळींतील एका निवृत्त फौजदारी वकिलांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० वाचून दाखविले, ज्यान्वये अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. वाघ, अस्वल, सर्प यांपैकी कशानेही न डगमगलेली ती सभा प्रथमच गंभीर झाली. दीर्घ खलानंतर असे ठरले की वांगी आदल्या रात्री घरीच भाजावीत, कळण्याच्या पुऱ्या पहाटे तळाव्यात, आणि हे सारे करण्यासाठी ज्यांना पहाटे तीन वाजता उठावे लागेल त्या बायकांना, मोटारीत जागा अपुरी असल्यामुळे, पुढल्या वर्षीच्या यात्रेत अग्रहक्क देण्यात यावा.