खोडरबरवाले अण्णा

आमचा कॉम्प्युटर बंद पडल्याची बातमी घरातल्यांच्या आधी अण्णांना लागते. मी टेबलाखाली वाकून वायरी हलवत असतो, तोवर दारात चपला वाजतात आणि प्रश्न येतो, "हँग होतोय की बंद पडतोय?"

हे अण्णा तुमच्याही सोसायटीत असतीलच. तुमच्याकडच्यांच्या खिशात टेस्टर असेल, आमच्या अण्णांच्या खिशात खोडरबर असतं. शाळेतलं, पांढरं, एका बाजूने झिजून होडीसारखं झालेलं. कॅबिनेटचं झाकण निघालं की ते रॅमची पट्टी उपटतात, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासतात, धोतराच्या सोग्याने पुसल्यासारखं बनियनने पुसतात आणि 'टक्' करून बसवतात. "कॉन्टॅक्ट साफ पाहिजे!" बऱ्याचदा कॉम्प्युटर सुरू होतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. त्या यशामुळे अण्णांनी रिमोटचे सेल घासलेत, दारावरची बेल घासली आहे, समोरच्या काकूंच्या मिक्सरचा प्लगही सोडलेला नाही. वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन विंग हमरीतुमरीवर आल्या तेव्हा अण्णा शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "कॉन्टॅक्ट साफ नाही." त्यांचा हात खिशाकडे गेलेला बघून सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले.

परवाच्या मे महिन्यात आमचा कॉम्प्युटर बरोबर वीस मिनिटं चालून धाडकन बंद पडायला लागला. मी या वेळी अभ्यास करून तयार होतो. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून अण्णांना ऐटीत दाखवलं : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. अण्णांनी चष्मा वर केला. "म्हणजे तो म्हणतोय, मी नीट न आवरता अचानक बंद झालो. ते तर आपल्याला दिसलंच की! हा नुसता पंचनामा. कारण कुठाय?"

मग अर्थातच रॅम घासली. वीस मिनिटांनी अंधार.

अण्णा काही वेळ गप्प बसले. "हँग होणं म्हणजे रुसणं, हे असं पडणं म्हणजे भोवळ. एकतर वीज पुरवणारा एसएमपीएस, नाहीतर उष्णता." त्यांनी प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये जुन्या गादीतल्या कापसासारखी धूळ ठासून बसली होती. प्रोसेसरवरच्या थर्मल पेस्टचा वाळका चुना झाला होता. "शंभर अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर जीव वाचवायला आपणहून बंद होतो. माणसाला नाही एवढी अक्कल." ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट पुसली, साबुदाण्याएवढी नवी लावली. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. चहाचा दुसरा कप संपवून निघताना अण्णा दारात थांबले. "रॅम घासली होती म्हणून वाचला."

त्या दुसऱ्या कपाच्या वेळीच कळलं की अण्णा टेलिफोन खात्यातले. जुन्या एक्स्चेंजमध्ये रात्रंदिवस रिले खडखडायचे. अण्णांचं काम एकच, कॉन्टॅक्ट साफ ठेवणं. तिथे धुळीचा कण अडकला की गावात कुणाचा तरी फोन लागायचा नाही. मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं, खडखड थांबली आणि घासण्यासारखं काही उरलं नाही. "एवढी शांतता झाली, की झोपच येईना," अण्णा म्हणाले आणि बशीतला चहा फुंकू लागले. मला नेमकं तेव्हाच हसू यायचं राहिलं.

गेल्या महिन्यात मी लॅपटॉप घेतला. बातमी लागलीच. अण्णांनी तो उलटा केला, कडेने बोट फिरवलं. "रॅम कुठाय?"

"यात मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. निघत नाही."

खिशापर्यंत गेलेला हात परत आला. "आणि बिघडला तर?"

"सर्व्हिस सेंटरला द्यायचा."

अण्णांनी लॅपटॉप हळूच सुलटा करून ठेवला. जुना डेस्कटॉप कोपऱ्यात होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "तो भंगारात देऊ नका हो."

दिला नाही. परवा तो हँग झाला. खरं तर जरा थांबलो असतो तर आपला आपण सुटला असता. पण मी गॅलरीत जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "काय कटकट आहे, पुन्हा अडकला हा!"

आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं.