घर्षण नगण्य माना

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर काका असतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की मेकॅनिकच्या आधी ते हजर होतात आणि आतल्या घामाघूम माणसाला काउंटरवेटचं महत्त्व समजावून सांगतात. न हलणारी गोष्ट त्यांना सहनच होत नाही. मग ती पाण्याची मोटर असो, नाही तर वार्षिक सभेतला विषय क्रमांक चार.

पण त्यांचा जीव अडकलेला असतो शेजारच्या बारावीवालीच्या वहीत. पेपर परत द्यायला म्हणून येतात, टेबलावर क्लासचा डीपीपी, म्हणजे रोजचा सरावसंच, दिसतो आणि काका खुर्ची ओढतात. "दे इकडे. काय अडलंय?" अडलेलं काहीच नसतं.

उतार ३० अंशांचा. त्यावर ५ किलोचा ठोकळा, कप्पीवरून गेलेली दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला लोंबतं ३ किलोचं वजन. घर्षणांक ०.२. मुलगी हे हातानेच खरडते. काकांना फूटपट्टी लागते, कप्पीसाठी वाटी लागते, शिवाय कप्पीत ते बेअरिंगही काढतात. 'दोरी वजनरहित' या शब्दांवर त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: "अशी दोरी आमच्या स्टोअरला उभ्या नोकरीत आली नाही." 'जी' दहा धरू म्हटलं की दुखावतात, ९.८१ हा त्यांचा कुळाचार. साइन ३० म्हणजे अर्धा हे पोरीला दहावीपासून पाठ, पण काका क्लार्कची टेबलं माळ्यावर कुठे असतील ते आठवत बसतात.

मध्येच सायमन स्टेव्हिन येतो. तो यायचाच. १५८६ साली लायडनला छापलेल्या पुस्तकात त्याने त्रिकोणाभोवती गोळ्यांची माळ टाकली. माळ आपोआप फिरत राहणार नाही, म्हणजे दोन्ही उतारांवरची ओढ सारखी. झाला उताराचा नियम सिद्ध! "आणि तो कोण होता? इंजिनिअर!" (हे मात्र खरं आहे, आणि युक्तिवाद खरोखरच देखणा आहे.)

मग आकडेमोड. लोंबतं वजन ओढतं २९.४३ न्यूटनने, उतारावरचा ठोकळा मागे खेचतो २४.५३ने. उरले ४.९. त्यातून घर्षणाचे ८.५ वजा, भागिले आठ. त्वरण उणे ०.४५.

"उणे म्हणजे उलट दिशा," काका विजयी. "ठोकळा खाली घसरणार!"

"काका, म्हणजे त्याला घर्षणच ढकलतंय?"

काकांचं पेन थांबतं.

"घर्षण साडेआठपर्यंत जाऊ शकतं," मुलगी अगदी हळू सांगते, कारण पोरगी संस्कारी आहे. "पण लागेल तेवढंच लागतं. इथे ४.९ पुरे. ठोकळा हलतच नाही. त्वरण शून्य."

"हलतच नाही?" वार्षिक सभेतला चेहरा. "हलायचंच नव्हतं, तर कप्पी बसवली कशाला?"

याला न्यूटनकडे उत्तर नाही. काका ०.२वर काट मारतात. "वंगण नीट दिलं की कसलं आलंय घर्षण!" पुन्हा मांडतात. ४.९ भागिले आठ, त्वरण ०.६१. खाली दोन रेघा. ठोकळा एकदाचा चढाला लागतो.

चारही पर्यायांत ०.६१ नाही.

"प्रिंटिंग मिस्टेक," काका म्हणतात आणि पान उलटतात. "पुढचं?"