व्हिक्टोरियन शेत आणि आमच्या सासूबाई

सुख फार झालं की आपली माणसं यात्रेला निघतात. ब्रिटिश माणसं मागच्या शतकांत जातात आणि जाताना कॅमेरा नेतात. रूथ गुडमन ही इतिहासकार आणि ॲलेक्स लँग्लंड्स व पीटर गिन हे दोन पुरातत्त्वज्ञ श्रॉपशरमधल्या ॲक्टन स्कॉटच्या शेतावर वर्षभर राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्यासारखे राबले. ‘व्हिक्टोरियन फार्म’ ही त्यांची मालिका बीबीसीने २००९ मध्ये दाखवली. त्याच साली आमच्या चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. म्हणजे तिकडची शिकली-सवरलेली माणसं घोड्याचा नांगर हाकत होती, तेव्हा इकडे नांगरटीच्या रानातून मोटारी उगवायला लागल्या होत्या.

ही मालिका मी सासूबाईंबरोबर बघते. त्यांचा जन्म गेला भामा नदीकाठच्या गावात; आता मुक्काम मोशीत, सहाव्या मजल्यावर. मला इंग्रजी कळतं, पण शेतीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांचं नेमकं उलटं. त्यामुळे मालिका त्याच मला समजावून सांगतात.

नांगरट सुरू झाली की सासूबाई पुढे सरकून बसतात. “बैल न्हाईत व्हय ह्यांच्यात? आन् तास बघ कसं वाकडं चाललंय!” पडद्यावर पीटर घामाघूम होऊन हसतो. त्यावर सासूबाईंचं मत : “नवीन हाय पोरगं.”

रूथबाईंचं धुणं मात्र त्यांना अजिबात पटलेलं नाही. कपडे आधी भिजवायचे, मग हंड्यात उकळायचे, घासायचे, चरकातून पिळायचे. यात दिवसच्या दिवस जातात. “नदी न्हाई का जवळ?” एवढंच त्या विचारतात. डुकरं आली की मात्र पदर नाकाला लागतो. टीव्हीला वास येत नाही, हे मी सांगून पाहिलं. “तुला येत नसंल,” असं उत्तर मिळालं.

पुढे २०१४ मध्ये रूथबाई दुसऱ्या मालिकेसाठी फ्रान्सला गेल्या. तिथे गेदेलोंला १९९७ पासून तेराव्या शतकातल्या हत्यारांनी नवाकोरा जुना किल्ला बांधताहेत. सासूबाईंना ते कळेचना. “जुना मिळंना व्हय त्यांला? आपल्या चाकणात हाय की!”

आहेच. संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने तो शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आज तटबंदीचे अवशेष उरलेत आणि कंपन्यांच्या बसगाड्या त्या गावातून रोज जा-ये करतात. संध्याकाळी तिथल्या तळेगाव चौकात अडकलं की मला खानाबद्दल थोडी कणव वाटते. चाकण पार करायला त्यालाही वेळच लागला होता.

आमचे चिरंजीव मात्र मालिकेतल्या त्या शेतावरच्या आयुष्यावर भाळले आहेत. किती साधं आयुष्य, किती शुद्ध हवा, आपणही असं राहायला हवं, असं ते सोफ्यावर आडवे होऊन म्हणतात. आजी नातवाकडे बघतात आणि विहिरीवरून पाणी आणायला लागलं तर किती वाजता उठशील, असं विचारतात. चर्चा तिथेच संपते.

शेवटच्या भागात रूथबाई शेताचा निरोप घेऊ लागल्या. सासूबाईंनी विचारलं, “आता कुठं चालली ही?”

“घरी, आई. वर्षभरासाठीच होतं ते. संपलं वर्ष.”

“बरंय बाई तिचं. आमचं वरीस संपलं म्हणून सांगायला कुणी आलंच न्हाई. मिक्सर आला, तवा कळलं.”