शिंप्यावाचून खोळ

गोंदिया जिल्ह्यात, रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या पाठीचे पावसापासून रक्षण करणाऱ्या खोळीला सुई, दोरा अथवा शिंपी यांची दरकार कधीच पडली नाही; तागाच्या रिकाम्या पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्यात दाबून बसविला, की टोपीसह सारा पेहराव सिद्ध. तथापि शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत चिरंजीवांना ‘शेतकरी’ करावयाचे म्हटले, की मातापित्यांना साटीनचे अस्तर, गळ्याचे बंद आणि शिंप्याचा बयाणा हा लवाजमा अपरिहार्य वाटू लागतो. आणि परीक्षकही (धान त्यांनी बहुधा ताटातच पाहिलेले) चकाकीलाच गुण देतात. पालकांनी कृपया पोतेच वापरावे, आणि समारंभ आटोपताच ते खरेदी केंद्रावर जमा करावे. बारदान्याअभावी तेथे धानाची मोजणी अडल्याची तक्रार वारंवार कानी येते.