बड्डेभाऊ

चिखली, मेहकर, खामगाव, कुठलाही चौक घ्या. सकाळी नवा फ्लेक्स दिसला आणि त्यात काळा चष्मा लावलेलं एक वर्षाचं लेकरू असलं, की समजावं, बड्डेभाऊ कामाला लागले. मधोमध लेकरू, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा. त्यातले निम्मे चेहरे लेकराने जन्मात पाहिलेले नसतात. वरच्या रांगेत कोण नि खालच्या रांगेत कोण, यावर भाऊंनी फ्लेक्सवाल्याकडे जेवढा खल केला, तेवढा बारशाला नावावरही केला नव्हता. एका साडूचा फोटो तरी राहिलाच. साडू अजून बोलत नाही.

या हौसेचं मूळ घरात आहे. भाऊंच्या वडिलांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून. काकांची १ जून, गल्लीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचीही १ जून. मास्तरांनी अंदाजाने वय जुळवलं, तारीख टाकली नि पोरगं पहिलीत बसवलं. खरी तारीख विचारली तर पणजी सांगायची, "ज्या साली हिरीले पानी नव्हतं, त्या साली पोयाच्या करीले."

खुद्द भाऊंचा वाढदिवस म्हणजे पाट, कुंकू, निरांजन आणि तोंडात चिमूटभर साखर. नवा सदरा कापूस चांगला पिकला तर. तो सगळा अनुशेष भाऊ आता लेकरावर भरून काढतात. विदर्भाचा दुसरा कुठलाच अनुशेष इतक्या झपाट्याने भरलेला मी पाहिला नाही.

भाऊ १२ जानेवारीला न चुकता सिंदखेडराजाला जातात. १५९८ मध्ये जिजाऊ जिथे जन्मल्या, त्या राजवाड्यात पहाटे पूजन होतं, दिवसभर माणसांचा पूर असतो. जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा वाढदिवस तोच. भाऊ नतमस्तक होतात, अगदी मनापासून. आणि परतताना मंडपवाल्याचा नि साउंडवाल्याचा नंबर घेऊन येतात.

लेकराच्या वाढदिवसाचा कार्यक्रम सायंकाळी सातचा. भाऊ ज्यांची वाट पाहतात ते पुढारी नऊला येतात, तोवर लेकरू आजीच्या खांद्यावर झोपलेलं. त्याला हलवून उठवतात, मुकुट घालतात, सुरी हातात देतात. शेजारी फुसकन अनार उडतो आणि लेकरू जे भोकाड पसरतं, ते थेट व्हिडिओत जातं. आजी तबकात सुपारी नि अंगठी घेऊन केव्हाची ताटकळलेली. मेणबत्ती विझवायचा पुकारा झाला की ती म्हणते, "दिवा लावाचा का इझवाचा, ते ठरवा बापा एकडाव!" तिचं ऐकायला साउंडवाला मोकळा नसतो. ओवाळणं शेवटी स्वयंपाकघरात उरकतं. मला विचाराल तर अख्ख्या समारंभात लेकरू हसतं ते तिथेच.

पंगत मात्र झकास. शेगाव कचोरी, बुंदी, झणझणीत वांग्याची भाजी. आणि कोपऱ्यात भाऊंचा मेहुणा वही घेऊन: कोणी १०१, कोणी ५०१, मामाकडून खामगावचे चांदीचे वाळे. भाऊ दिलदार खरे, पण हिशेबाला पक्के. त्या वहीवरूनच ते पुढे तुमच्या घरच्या कार्याचा आहेर ठरवतात.

तेव्हा निमंत्रण आलं तर लेकराला साडेसातलाच भेटून घ्या, आजीला नमस्कार करा, आणि पाकिटावर नाव ठळक अक्षरात लिहा.